परळच्या राजभवनाचे तीन संसार

परळला आचार्य दोंदे मार्गावरच्या हाफकिन संस्थेच्या जुन्या इमारतीविषयी दोन वाक्ये हमखास ऐकायला मिळतात. एक, ती १६७३ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी बांधली. दुसरे, १८८३ मध्ये गव्हर्नरची पत्नी इथे पटकीने गेली आणि राज्यकर्त्यांनी बाडबिस्तरा गुंडाळून मलबार पॉइंट गाठले. ही वाक्ये एका पुस्तकातून दुसऱ्यात आणि तिथून पाट्यांवर गेली. मूळ कागद वाचले तर पहिले वाक्य बहुधा गैरसमजातून आलेले दिसते आणि दुसरे अर्धेच खरे. पण या घराची खरी गंमत सालांच्या घोळात नाही. प्रार्थनेसाठी बांधलेल्या दालनात पुढे मेजवान्या झाल्या, आणि त्याच छपराखाली शेवटी प्लेगची लस तयार होऊ लागली. प्रत्येक वेळी घर तेच राहिले, सामान बदलले, उजेडाची गरज बदलली. ते बदल कागदांवरून कितपत उभे करता येतात, ते पाहू.

आधी १६७३. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत उतरला. त्याचे पुस्तक १६९८ मध्ये छापले गेले. बेटाचे वर्णन करताना तो परळला जेझुइटांचे चर्च आणि त्यांची जमीन असल्याचे सांगतो. म्हणजे फ्रायर आला तेव्हा चर्च उभे होते आणि त्याच्या भोवतीची वतनवाडीही बसलेली होती. कुणीतरी साक्षीदाराच्या येण्याचे साल उचलून ते वास्तूच्या जन्माचे साल केले असावे. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या आणि देवळांच्या इतिहासातही हे सर्रास होते: पहिला उल्लेख सापडतो, आणि तोच पायाभरणीचा मुहूर्त ठरतो. परळपुरते खात्रीने म्हणायचे तर एवढेच, की १६७३ पूर्वी इथे चर्च होते.

ते जेझुइटांच्या हातून कसे गेले, याचा सर्वांत जवळचा साक्षीदार जॉन हेन्री ग्रोस. तो १७५० मध्ये मुंबईत आला, पुस्तक १७५७ मध्ये निघाले. तो लिहितो की परळचा गव्हर्नरचा बंगला मुळात जेझुइटांचे प्रार्थनामंदिर होता, इंग्रजांच्या हिताविरुद्ध कारस्थाने केल्यामुळे १७१९ च्या सुमारास तो जप्त झाला, मग त्यात भर घालून, बागा सुधारून तो राहण्याजोगा केला गेला. घराकडे जाणारा दुतर्फा झाडांचा जवळजवळ मैलभर लांब रस्ताही त्याने नोंदवला आहे.

या ‘कारस्थानां’चा अर्थ कळायला त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर हवा. मुंबई बेट इंग्रजांचे, पण माहीमची खाडी ओलांडली की साष्टी पोर्तुगीजांची. वांद्रे आणि ठाणे, दोन्हीकडे जेझुइटांची ठाणी होती. मराठ्यांनी ठाणे घेतले ते १७३७ मध्ये. तोवर परळच्या पाद्र्यांचे वरिष्ठ, त्यांचा पैसा, त्यांची निष्ठा हे सगळे खाडीपलीकडे होते. त्यात इंग्रजांचे कान्होजी आंग्र्यांशी वैर पेटलेले. अशा वेळी बेटाच्या मधोमध परकी सत्तेला बांधील असलेला मोठा जमीनदार कंपनीला नकोसा होणारच. १७२० मध्ये मुंबईतल्या चर्चांतून पोर्तुगीज पाद्री काढून त्यांच्या जागी कार्मेलाइट पंथाचे पाद्री आणले गेले. परळची जप्ती या एकूण धोरणात चपखल बसते. त्यामुळे ग्रोसने सांगितलेले साल ‘सुमारे’ असले तरी मला ते विश्वासार्ह वाटते.

पंचाहत्तर वर्षांनी मात्र वेगळीच कथा ऐकू येते. बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये मुंबईत आला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा तो पाहुणा. त्याच्या प्रवासवृत्तांत परळच्या घराच्या अंतर्भागाचे नेमके वर्णन आहे: उत्तम जिना आणि एकावर एक अशी दोन भव्य दालने, प्रत्येकी ७५ ते ८० फूट लांब, फार देखणेपणाने सजवलेली. खालचे दालन भोजनाचे. ते जेझुइट महाविद्यालयाचे जुने, पावित्र्य गमावलेले चर्च असल्याचे आपल्याला सांगण्यात आले, असे तो लिहितो. पुढे म्हणतो की ते एका पारशी गृहस्थाच्या हाती गेले होते आणि साठेक वर्षांपूर्वी सरकारने त्याच्याकडून विकत घेतले.

साठ वर्षे मागे गेलो तर १७६५ येते. पण १७५० मध्ये ग्रोसने इथे गव्हर्नरचा बंगला पाहिला होता. १७६३ च्या सुमारास मुंबईत आलेल्या कार्स्टन नीबूरनेही परळच्या भोजन-नृत्याच्या दालनाचे कौतुक करून ते जेझुइट चर्चमधून झाल्याचे नोंदवले. म्हणजे पारशी मालकाची गोष्ट तारखांच्या कसोटीला उतरत नाही. हेबर खोटे बोलत नव्हता. जेवणाच्या टेबलावर ऐकलेले त्याने ‘असे म्हणतात’ या पुस्तीसह लिहिले. ती पुस्ती नंतरच्या लेखकांनी गाळली. त्याने डोळ्यांनी पाहिलेले ७५–८० फूट मात्र मोलाचे आहेत, कारण पुढच्या सगळ्या संसारांची चौकट तीच.

सुमारे २३ ते २४ मीटर लांबीचे चर्च म्हणजे काय? वेदीकडे तोंड करून उभ्या किंवा गुडघे टेकलेल्या माणसांसाठी लांबट मोकळी जागा. सामान जवळजवळ नाही. प्रकाश लागतो तो एका टोकाला, वेदीपाशी. त्याच जागेत गव्हर्नरचे जेवणघर आले तेव्हा लांबी उपयोगी पडली, एकच लांब मेज मावले. पण प्रकाशाचे गणित उलटले. आता मेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पाहुण्याचा चेहरा दिसायला हवा, आणि तोही रात्री. त्या काळात त्यासाठी मेणबत्त्या आणि खोबरेलाचे दिवे होते, वाऱ्याने विझू नयेत म्हणून काचेच्या हंड्या, आणि वरून झुंबरे. पंखेवाला हा या व्यवस्थेतला अदृश्य नोकर. वर पंखा हलला की खालची ज्योत थरथरते, म्हणून काच. समुद्राकाठच्या उष्ण प्रदेशातल्या प्रत्येक साहेबी जेवणघराची ही रोजची कटकट होती. एखाद्या दालनाची शोभा म्हणून आपण ज्या हंड्या पाहतो त्यांतल्या निम्म्या निव्वळ वाऱ्याच्या भीतीने आलेल्या असतात.

विल्यम हॉर्नबी (१७७१) हा इथे कायमचा राहणारा पहिला गव्हर्नर मानला जातो. त्याआधीचे सुट्टीपुरते येत. एल्फिन्स्टनने, म्हणजे १८१९ ते १८२७ या काळात, दोन्ही बाजूंना पाखे जोडले. त्यामुळे मधले जुने चर्च आतल्या आत राहिले आणि बाहेरून राजवाड्याचा चेहरा आला. नोव्हेंबर १८७५ मध्ये युवराज एडवर्ड इथे उतरला. संस्थानिकांच्या भेटी याच घरात झाल्या. हा या घराच्या वैभवाचा शेवटचा मोठा प्रसंग. त्याआधी दहा वर्षे, १८६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते, आणि गॅसचा कारखाना लालबागला, म्हणजे परळच्या उंबरठ्यावरच होता. शहर जवळ येत होते. गव्हर्नरच्या घराला ते मानवले नाही.

आता ते दुसरे वाक्य. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसनची पत्नी ऑलिव्ह मुंबईत पटकीने गेली हे खरे. तिच्या मृत्यूचे साल मात्र मुंबईच्या इतिहासांत बहुधा १८८३ मिळते आणि फर्ग्युसन घराण्याच्या चरित्रांत १८८२. चरित्रांतला तपशील अधिक जवळचा असल्याने मी १८८२ कडे झुकतो. पण गव्हर्नरचे निवासस्थान अधिकृतपणे मलबार पॉइंटला गेले ते १८८५ मध्ये. पत्नीच्या मृत्यूने घाबरलेला माणूस तीन वर्षे थांबत नाही. खरी कारणे कमी नाट्यमय असावीत. फोर्टमधले सचिवालय १८७४ मध्ये पूर्ण झाले होते. कारभार तिकडे, घर पाच मैलांवर परळला. दरम्यान परळभोवती गिरण्यांची धुरांडी आणि रेल्वेचे कारखाने उभे राहत होते, सखल जमिनीवर पाणी तुंबत होते. हवा खायला यायचे ते ठिकाण कामगारांची वस्ती झाले. पटकीच्या मृत्यूने निर्णयाला चेहरा दिला, इतकेच. एका बाईच्या मरणाने राजवाडा ओस पडला ही गोष्ट सांगायला सोपी आहे. कचेरी लांब पडत होती हे सांगायला कुणाला आवडत नाही.

राजवाडे रिकामे झाले की त्यांत कचेऱ्या घुसतात हे आपल्या मुलुखात नवीन नव्हते. साताऱ्याच्या राजवाड्यात न्यायालये बसली. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली आणि विसाव्या शतकात नगरपालिका. तिथे गादी-लोड उचलून मेज-खुर्च्या मांडल्या की काम भागले. परळचे प्रकरण वेगळे, कारण इथे आलेल्या कचेरीला मेज-खुर्च्यांपेक्षा बरेच काही लागणार होते.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तिथे तयार झालेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. तिकडे लोक शहर सोडून पळत होते. कल्याण स्थानकावर गाड्या थांबवून उतारूंना उतरवून तपासले जाई. मागणी वाढली तशी प्रयोगशाळा बिऱ्हाडासारखी फिरू लागली: ग्रँट मेडिकलमधून मलबार पॉइंटच्या बाजूला सरकारी बंगल्यात, तिथून १८९८ मध्ये आगाखानांनी दिलेल्या खुश्रू लॉजमध्ये. परळच्या राजभवनात या साथीत काही काळ प्लेगचे रुग्णालय होते. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. जिथून राज्यकर्ते रोगराईच्या नावाने निघाले, असे सांगितले जाते, तिथे चौदा वर्षांनी रोगालाच राहायला बोलावले गेले.

या नव्या संसाराचे सामान काय होते, याचा सर्वांत चांगला पुरावा लस करण्याची पद्धत हाच आहे. हाफकिन यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती सांगितली, आणि प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या भारतीय प्लेग आयोगापुढेही ती साक्षीत आली. बकऱ्याच्या मांसाचे पाणी आम्लाने पचवून त्याचा रस करायचा. गायीचे किंवा डुकराचे मांस टाळले होते ते हिंदू-मुसलमान दोघांना टोचून घेता यावे म्हणून. मोठ्या काचेच्या चंबूंत हा रस भरून वर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या खालच्या बाजूला जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत उतरतात. त्यासाठी चंबू अजिबात हलता कामा नये. काही दिवसांनी मुद्दाम हलवून ते धागे तळाशी बसवायचे, की तुपाखाली नवे पीक. असे पाच-सहा आठवडे. मग ६५ अंश सेल्सियसवर तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक आम्ल घालायचे, आणि कुप्या भरायच्या.

ही कृती वाचताना परळचे घर डोळ्यांसमोर आणावे. चंबू आठवडेच्या आठवडे निश्चल ठेवायचे म्हणजे फळ्या आणि मेजे भक्कम हवीत, आणि खालून गाडी गेली तरी न हादरणाऱ्या भिंती हव्यात. मिशनरी काळातल्या जाड भिंतींत ते आयते होते. प्लेगच्या जंतूला वाढायला साधारण २७ ते ३० अंश मानवतात. मुंबईच्या जाड भिंतींच्या सावलीतल्या खोलीला वर्षातला बराच काळ तेवढेच तापमान असते, म्हणजे युरोपात ज्यासाठी उबवणपेटी लागते ते काम खोलीच करते. साहेबांना ज्या दमट उबेचा जाच होत होता तीच इथे भांडवल ठरली. लांब दालनाची सोय पुन्हा एकदा झाली, यावेळी चंबूंच्या रांगांसाठी.

आणि उजेड? मुंबईला सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला १९०५ मध्ये, वाडीबंदरच्या केंद्रातून. म्हणजे प्रयोगशाळा उघडली तेव्हा काम चालणार ते दिवसाच्या उजेडावर, तेलाच्या दिव्यांवर आणि गॅसवर. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा असे. आरशात आकाशाचा स्थिर प्रकाश घ्यायचा, थेट ऊन नाही. त्यामुळे अशा घरात सर्वांत मानाची जागा खिडकीजवळची, आणि त्यातही ऊन न येणाऱ्या बाजूची. भोजनघरात मानाची जागा यजमानाच्या उजव्या हाताला असते. आता ती ठरवत होता सूर्य. ज्योतही होती, पण शोभेची नाही. काचनळीचे तोंड, तारेचे टोक, कुपीची मान ज्योतीवरून फिरवून निर्जंतुक करायची. इथे पंखा हलवून वारा घ्यावा तर ज्योत विझते आणि हवेतली धूळ चंबूत पडते. हंडीचा जुना प्रश्न नव्या रूपात हजर. साहेबांच्या घामावर जो उपाय होता तो इथे चालणार नव्हता.

धुळीचा मुद्दा क्षुल्लक नव्हता हे लवकरच दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी परळहून आलेल्या एका कुपीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. कुपीचा क्रमांक ५३–एन. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला: कुपी उघडण्याआधीच दूषित असणार. हाफकिन यांना बाजूला व्हावे लागले. कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हे नंतर पुढे आले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू लावून धरली. एकाच कुपीतून एकाच दिवशी गेलेला धनुर्वात ती उघडली त्या जागेकडेच बोट दाखवतो, हे त्यांचे म्हणणे मला पटते. पण आयोगाच्या संशयामागे एक न बोललेली शंका असावी: जुन्या राजवाड्याच्या उंच छताखाली, नक्षीच्या लाकडाखाली, निर्जंतुक काम होऊ तरी शकते का? या घराच्या मूळ बांधणीत स्वच्छ धुता येईल असे काही नव्हते, कारण ती कुणी त्यासाठी केलीच नव्हती.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळलाच तळ ठोकला आणि इथल्या सामानाची सर्वांत अजब यादी तेव्हा तयार झाली. त्यांचे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये १९०६ पासून छापले गेले. आयोगाने राजभवनाच्या आवारात सहा छोट्या खोल्या मुद्दाम बांधल्या, आत सारख्या, छपरे वेगळी. दोन खोल्यांवर साधी देशी कौले, ज्यांत उंदीर मजेत राहतात, दोनांवर मंगळुरी कौले, आणि दोनांवर पन्हळी पत्रे. आत गिनीपिग. एल्फिन्स्टनच्या पाख्यांसमोर गरिबांच्या खोल्यांचे नमुने उभे राहिले, तेही शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली. जिथे उंदरांच्या पिसवा पोहोचल्या तिथे गिनीपिग मेले. टांगलेल्या पिंजऱ्यांचा प्रयोग तर फारच साधा: जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला प्लेग झाला, दोन फुटांवरच्याला नाही. पिसू तेवढी उडी मारू शकत नाही. जमिनीवर मुद्दाम भरपूर जंतू ओतूनही पाहिले: शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांपुढे रोग देत नाही, चुन्याची २४ तासांपुढे नाही. घरात मेलेल्या रोग्याच्या खोलीतली जमीन उकरून काढणाऱ्या, भिंती कार्बोलिकने भिजवणाऱ्या १८९७ च्या पथकांनी काय मिळवले, याचा हिशोब या दोन आकड्यांत आहे.

आयोगाचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला छेद देणारा होता. घर अंधारे, कोंदट, घाणेरडे असण्याचा प्लेगशी स्वतंत्र संबंध नाही. संबंध आहे तो अशा घरात उंदीर किती राहतात, एवढाच. प्रयोगशाळा उघडणाऱ्या त्याच सँडहर्स्ट साहेबाच्या कारकिर्दीत, १८९८ मध्ये, मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता, तो नेमका उलट विश्वासावर. वस्त्या पाडा, रस्ते रुंद करा, उजेड आणि वारा आत येऊ द्या, म्हणजे प्लेग जाईल. हजारो कुटुंबे त्या विश्वासापायी उठवली गेली होती. परळच्या पिंजऱ्यांनी त्याचा मुख्य आधार काढून घेतला.

ट्रस्ट मात्र थांबला नाही. १९१२ मध्ये त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईच्या घरांतल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिले, ते छापले गेले. दोन इमारतींमधले अंतर असे असावे की खालच्या खोलीतून आकाश दिसावे, आणि त्यासाठी ६३½ अंशांचा कोन सांभाळावा, हा त्यांच्या आग्रहाचा विषय. आता शत्रू बदलून क्षय झाला होता. अंधाराविरुद्धचा खटला तोच राहिला, आरोप तेवढा बदलला, आणि या दुसऱ्या आरोपात तथ्यही होते.

प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा झाले आणि १९२५ मध्ये, हाफकिन हयात असताना, हाफकिन संस्था. ते मुंबईला परतले नाहीत. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.